हवेचं बोंड

यंदा वारा आठ दिवस आधीच आला. दुपारची वेळ होती, मी भाकरी टाकत होते आणि मागचं दार असं काही आपटलं, की तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी कोपऱ्यातली काठी उचलली. दाराशी कोणी नव्हतं. मोरीजवळची बादली अंगणभर लोळत होती आणि दोरीवरचा माझा परकर शेजाऱ्यांच्या बाभळीत अडकून फाटला होता. मी वाऱ्याला एक कचकचीत शिवी हासडली आणि आत आले. तोवर भाकरी करपली होती.

आदिलाबादजवळच्या बोथच्या सरकारी शाळेत मी मराठी माध्यमाच्या मुलांना चित्रकला शिकवते. वारा काढा म्हटलं की मुलं वाकलेली झाडं काढतात, फार तर उडणारी छत्री. मी त्यांना गुण देते आणि पुढे जाते. मला कोणी वारा काढायला सांगितला, तर मी त्याला हात काढीन. दोन नव्हे, वीस-पंचवीस. एकात पत्रा, एकात वासा, एकात लोखंडी खुंटी. खुंटीचा हात मी सर्वांत आधी काढीन.

हा मोसम कोणाच्या कवितेत येत नाही, आणि येऊच नये. कापूस कधीच वेचून झालेला असतो. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर वाळत असतात. सागाची ताटाएवढी पानं रस्त्यावरून खरखरत पळतात आणि दुपारी चारच्या सुमाराला आभाळाचा रंग जुन्या पितळेसारखा होतो. मग वावधन सुटतं. आमचे तेलुगू शेजारी त्याला गालिवाना म्हणतात. नाव काहीही ठेवा, ते दार ठोठावून येत नाही. पाच मिनिटांत आंब्याचा सगळा माल जमिनीवर, विजेचे खांब आडवे, आणि कोणाच्या तरी घरावरचं छप्पर भलत्याच कोणाच्या तरी वावरात.

लहानपणी तामसीकडच्या आमच्या गावात असाच एक पत्रा उडत आला होता. तो आमच्या अंगणात उतरताना कोंबडीचे दोन तुकडे करून लिंबाच्या बुंध्यात रुतला. बाबा दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे, घरावर गवत होतं. त्यांना वाटलं, वाऱ्यानं दिलं तर घ्यावं. त्यांनी पत्रा सरळ करून छपरावर चढवला. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा मालक काठी घेऊन आला. पहिली काठी बाबांच्या खांद्यावर बसली. दुसरी बसायच्या आत आई मध्ये उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. त्या माणसाच्या सात पिढ्यांचा तिनं असा काही समाचार घेतला, की तो पत्रा न घेताच गेला. त्या दिवसापासून गावात म्हण पडली, की या घराच्या बायका गप्प बसत नाहीत. मला त्या म्हणीचा फार अभिमान होता. होता, म्हणते आहे.

माझा भाऊ मधुकर माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आदिलाबादला कापूस मार्केटच्या मागे त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक ओटा, एक जाड कापडाची मशीन आणि समोर चार खांब. त्या चार खांबांवरच त्याची सगळी इज्जत टांगलेली. नवी ताडपत्री शिवून झाली, की दादा तिचे चार कोपरे खांबांना बांधतो, मधल्या झोळीत पाणी भरतो आणि खाली जमिनीवर चुलीची राख पसरतो. सकाळी बांधलेली ताडपत्री संध्याकाळी सोडायची. राखेत एका थेंबाचाही खळगा दिसला, की ती शिवण उसवायची आणि पहिल्यापासून घालायची. मार्केटात कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहतात. अवकाळी पाऊस आला आणि कापूस भिजला तर माणूस कोणाचा गळा धरेल? त्याच्यावर झाकलेली ताडपत्री ज्यानं शिवली त्याचा. दादा म्हणतो, "ज्याची शिवन गळते त्यानं दुकान उठवावं न् बकऱ्या चाराव्या."

शिवण गळू नये म्हणून तो मेण आणि राळ एकत्र वितळवून टाक्यांवर आतून बोळा फिरवतो. त्या वासानं माझं लहानपण भरलेलं आहे. दादाच्या सदऱ्याला तो वास, केसांना तो वास, त्यानं मला दिलेल्या पुस्तकांनाही तोच. माझं शिक्षण त्या वासानं केलं, असं म्हटलं तरी चालेल.

चार वर्षांपूर्वी ऐन वैशाखात आदिलाबादच्या मैदानावर डिझाइन मेळा भरला. हैदराबादच्या एका कॉलेजनं भरवला होता. इथल्या कारागिरांचं काम शहरातल्या लोकांनी पाहावं, असा हेतू. इंद्रवेल्लीकडचे पितळी हत्ती, बांबूच्या टोपल्या, लाकडी खेळणी, घोंगड्या. मेळ्याच्या मदतनीस मंडळीत चित्रकलेची बाई म्हणून मीही होते. प्रवेशद्वाराचं काम रम्या नावाच्या पोरीकडे होतं. वय सव्वीस-सत्तावीस, केस बारीक कापलेले, पायात पोलिसासारखे बूट. तिनं कागदावर काढून दाखवलं, तेव्हा मी थक्कच झाले. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी कमान. पाच पांढऱ्या फुगीर पाकळ्या, दोन मजले उंच, आणि मधून माणसांनी आत जायचं. ना बांबू, ना लोखंडी सांगाडा. नुसतं पातळ चिवट कापड, आत पंख्यानं भरलेली हवा, आणि ते जागेवर राहावं म्हणून कडेनं दोर आणि लोखंडी खुंट्या. मेळा संपला की घडी घालून पोत्यात.

"शिवणार कोण?" मी विचारलं.

"इथलाच कोणीतरी शिवेल तर मजा आहे," ती तेलुगूत म्हणाली.

मी दादाचं नाव सांगितलं. माझ्याच तोंडानं सांगितलं.

रम्या दुकानात आली आणि तिनं दादाला हिंदीत अगदी नीट समजावलं. "भैया, इसकी सिलाई में से थोड़ी हवा निकलती रहनी चाहिए. पंखा भरता रहेगा, सिलाई छोड़ती रहेगी. तूफ़ान आया तो मैं पंखा बंद करूँगी, और ये दो मिनट में ज़मीन पर लेट जाएगा. किसी को कुछ नहीं होगा." दादानं मान हलवली. त्याला सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की अडाणी माणसाला काय कळणार. कळलं होतं त्याला. पटलं नव्हतं.

कमान शिवून झाली आणि पहिल्यांदा पंखा लावून पाहिला. पाकळ्या फुगल्या. दादा शिवणीजवळ गाल नेऊन उभा राहिला. टाक्याटाक्यातून बारीक हवा त्याच्या गालाला लागत होती. त्याचा चेहरा असा उतरला, की जणू कोणी भर बाजारात त्याच्या कानाखाली काढली.

रम्या गेल्यावर तो म्हणाला, "माया शिवनीतून पानी जात नाई, न् हवा जाईन? मार्केटातले लोक उद्या याच्या खालून जातीन. गालाले हवा लागली का म्हनतीन, मधुकरचा हात बिघडला आता."

"दादा, तिनं सांगतलं ना सोडाले."

"तिले शिवता येते का? मले येते."

मी तिथंच त्याला अडवायला हवं होतं. पण खरं सांगू का, मलाही ते आवडलं नव्हतं. माझ्या भावाच्या हाताखालून गळकं काम जाणार आणि त्याच्याखालून सगळा जिल्हा फिरणार! दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं मेण वितळवलं, कापड जळू नये म्हणून कोमट होऊ दिलं आणि आतून प्रत्येक शिवणीवर बोळा फिरवला. वाटी मी धरली होती. पाच पाकळ्या, आठ वाट्या मेण. मग त्यानं पुन्हा पंखा लावला, गाल शिवणीला लावला आणि हसला. बोंड असं घट्ट उभं राहिलं, की बोट मारलं तर ढोलासारखा आवाज यावा. रम्यानं उद्घाटनाच्या सकाळी पाहिलं आणि म्हणाली, "आज बहुत अच्छा खड़ा है." दादानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं भाऊबहीण गालातल्या गालात हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

चारच्या सुमाराला आभाळ पितळी झालं. पहारेकरी ओरडत आला, "गालिवाना वस्तोंदी!" रम्या घाबरली नाही. तिनं शांतपणे पंख्याचं बटण बंद केलं आणि हातावरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. बोंड झोपेना. पंख्याला जोडलेली कापडी नळी पुढे आलेल्या वाऱ्यानं पिळवटून बांधलेल्या पोत्याच्या तोंडासारखी बंद झाली होती, आणि शिवणीतून श्वास सोडायची सोय आम्ही बुजवून टाकली होती. दोन मिनिटं गेली. तीन गेली. ते हललंसुद्धा नाही.

मग वावधन मैदानात घुसलं. पहिल्या झपाट्यात फ्लेक्सचे बोर्ड फाटून चाबकासारखे वाजायला लागले. टोपल्यांची दुकानं आडवी झाली. एक पत्रा जमिनीवरून घासत, ठिणग्या काढत गेला आणि एका माणसाची पोटरी उघडी करून गेला. धूळ दातांत, डोळ्यांत, नाकात. आणि लोक कुठे पळाले? जे समोर भक्कम उभं दिसत होतं त्याच्याकडे. चाळीस-पन्नास माणसं, बाया, कडेवरची पोरं, सगळी बोंडाच्या पोटात शिरली. रम्या बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "बाहर आओ! बाहर!" पण वाऱ्यापुढे तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

बोंडानं वारा धरला. एका बाजूच्या लोखंडी खुंट्या एकामागून एक उपटल्या, दातासारख्या. दोरांना लटकून त्या हवेत गरागरा फिरू लागल्या. एक खुंटी एका बाईच्या कपाळावर बसली आणि ती न ओरडताच खाली बसली. पितळी हत्ती विकणाऱ्या म्हातारीच्या पायाला दोराचा वेढा पडला आणि ती पाठीवर फरफटत गेली. मागच्या पाकळ्या उचलल्या गेल्या, पुढच्या माणसांवर दाबल्या गेल्या. आतून येणारा आवाज माणसांचा वाटत नव्हता.

दादा धावला. त्याच्या कमरेला कापड कापायचा चाकू नेहमी असतो. तो फरफटत जाणाऱ्या पाकळीवर पालथा पडला आणि त्यानं चाकू खुपसला. कुठेही नाही, आपल्याच शिवणीत. टाका कुठे कच्चा आणि कुठे पक्का हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक? हवा किंकाळी फोडून बाहेर आली. तो चाकू ओढत चालला, ओढत चालला, आणि कापड त्याच्या मागून दुभंगत गेलं. पाकळी बसली. दुसरी बसली. फाटलेल्या भेगेतून माणसं रांगत, एकमेकांना तुडवत बाहेर पडू लागली.

बाहेरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी डोळ्यांतली धूळ पुसली आणि त्यांना दिसलं काय? एक माणूस चाकूनं मेळ्याचं दार फाडतो आहे आणि त्याच्याखाली बायका-पोरं ओरडताहेत.

"मारो साले को!"

पहिला बांबू पाठीवर बसला. कोणीतरी आमच्या जातीचा उद्धार केला, तो तर अशा वेळी तयारच असतो. दुसरा बांबू मानेवर. दादानं चाकू सोडला नाही, कारण तिसऱ्या पाकळीखाली अजून माणसं होती. "चाकू सोड!" एकानं उपटलेली खुंटी उचलली आणि त्याच्या हातावर घातली.

मी दहा पावलांवर उभी होते. हातात पाहुण्यांच्या नावांची वही. माझ्या बाजूला रम्या फाटलेल्या कापडाची कड हातात घेऊन पाहत होती, आणि ती त्याच क्षणी म्हणाली, "ये मोम किसने लगाया?"

मी "तो माझा भाऊ आहे, तो माणसं वाचवतो आहे" एवढं म्हणायचं होतं. बस्स, एवढंच. पण ते म्हटलं की पुढचं सगळं आलंच. भाऊ कोण, शिवण कोणाची, मेण कोणाचं, वाटी कोणाच्या हातात होती. माझी नोकरी, माझं नाव, त्या कपाळ फुटलेल्या बाईच्या घरचे लोक. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी गप्प राहिले. किती वेळ, हे मला मिनिटांत सांगता येत नाही. पाच फटक्यांचा वेळ. त्यातले दोन खुंटीचे होते आणि दोन्ही त्याच हातावर बसले.

सहाव्याला मी वही फेकली आणि धावले. खुंटीवाल्याच्या मनगटाला मी असं चावले, की तोंडात रक्ताची चव आली. त्याचं की माझं, कोणाला माहीत. मी दादाच्या अंगावर पडले, शिव्या दिल्या, ओरबाडलं, आईच्या आवाजात ओरडले. गर्दी मागे हटली. मग आतून निघालेल्या बायांनी सांगितलं, यानंच तर आम्हाला काढलं, आणि मग सगळे पाणी आणा, गाडी आणा करू लागले. कोणी मेलं नाही. या मोसमात आमच्याकडे हेही कमी नाही.

रम्याला मी त्याच आठवड्यात मेणाचं सांगितलं. ती म्हणाली, "मीही सकाळी हात लावून पाहायला हवं होतं." ते एक ओझं तिनं अर्धं उचललं. पण दुसरं, पाच फटके गप्प राहिल्याचं, कोणाला सांगणार? कारण इकडे माझं नाव झालं. बहिणीनं भावाला वाचवलं! बसमध्ये बाया मला जागा द्यायच्या. शाळेत मुलं विचारायची, "बाई, तुमी खरंच चावल्या?" बुद्धविहारात एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल दिली. दादा पहिल्या रांगेत बसला होता, हाताला पांढरं प्लास्टर. टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून तो डाव्या हातानं मांडी थोपटत होता. ती शाल मी पेटीच्या तळाशी टाकली आहे. कसर लागली तर बरं, म्हणून डांबरगोळीही ठेवलेली नाही.

हाड जुळलं, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. ती मिटत नाहीत. दाभण धरायला मिटणारी बोटं लागतात. म्हणून चार वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी मी दुकानात जाते. मशीन तो डाव्या हातानं रेटतो, कोपऱ्यांची हातशिवण मी करते. माझा टाका वाकडा जातो. तो उसवायला लावतो. राखेत थेंबाचा खळगा पडला की माझ्याकडे नुसता पाहतो.

यंदा मेळा पुन्हा भरणार आहे. रम्याचा फोन आला. छोटं बोंड, माणसाच्या डोक्यापर्यंतच उंची, मैदानाच्या कडेला, आणि शिवणार असतील तर मधुकरभैयाच. मला वाटलं, दादा फोन आपटेल. तो म्हणाला, "कापड पाठवा."

गेल्या रविवारी आम्ही ओट्यावर ते पांढरं कापड पसरून बसलो होतो. समोर चार खांब, खाली राख नाही. वाऱ्यानं कापड फडफडायला लागलं, दादानं त्यावर गुडघा ठेवला. समोरून मार्केटातला एक हमाल जाता जाता कौतुकानं म्हणाला, "बहीन असावी त अशी!" माझ्या बोटात दाभण घुसलं. मग मला राहवलंच नाही.

"दादा, त्या दिवशी मी लवकर नाई बोलली."

त्यानं मान वर केली नाही. "मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"पयला बांबू बसला तवा मी तुयाकडंच पाह्यलं. तू समोरच होती. तुयं तोंड मिटेल होतं."

माझ्या कानात वारा भरला. "मंग चार वर्सं बोलला काऊन नाई?"

"तू बोलशीन म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."

मी त्याचे गुडघे धरले. वयाची चाळिशी उलटलेली बाई मी, भर बाजारात ओरडले, "मार मले, दादा! हान दोन थोबाडीत! मार!"

त्यानं उजवा हात उचलला. उचललेला तो हात त्यानंच थोडा वेळ पाहिला. दोन बोटं फांदीसारखी बाहेर आलेली.

"कायनं मारू?" तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या बोटातून दाभण ओढून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि परत माझ्या हातात दिलं. "शिव. वावधन येऊन राह्यलं."

मी शिवू लागले. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, तरी टाके कसे कोण जाणे सरळ पडत होते. पाकळीच्या टोकाशी आल्यावर मी विचारलं, "हवेले किती जागा सोडू?"

दादानं ती दोन वाकडी बोटं शिवणीवर आडवी ठेवली. "इतकी," तो म्हणाला.

त्याच्या बोटांपर्यंत शिवून मी धागा तोडला.